एका कडू द्रव्याचं वर्गीकरण

आमच्या विभागप्रमुखांना जगातलं कुठलंही रसायन चाखून ओळखता येत असे. निदान तसं त्यांना वाटे, आणि त्यांना जे वाटे ते विभागातल्या बाकीच्यांनाही वाटावं लागे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला अमरावतीच्या एका कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली एम.एस्सी.चा प्रबंध करत होते. मेळघाटातून आणलेल्या एका झुडपाच्या मुळातून मी पांढरे, सुईसारखे स्फटिक काढले तेव्हा सरांनी ते काचेवरून बोटाच्या टोकावर घेतले, जिभेला लावले, डोळे मिटले आणि म्हणाले, "कडू."

मग दोन्ही डेमॉन्स्ट्रेटरांनी चाखले. एक म्हणाला, "कडूच आहे." दुसरा म्हणाला, "चांगलंच कडू आहे सर," आणि तोंडही वाकडं केलं. शेवटी मी चाखलं. त्याला कसलीही चव नव्हती. खडूची पूड जिभेवर ठेवावी तसं ते जिभेवर नुसतं बसून राहिलं. मी तसं म्हणाले तर सर हसले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडे तिखट फार खातात ना. जीभ मरते."

सरांनी वहीत लिहवून घेतलं: मुळात एक कडू द्रव्य आढळते. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच ज्याचं शास्त्र, त्याला दोन खोल्यांची प्रयोगशाळा, एक जीप आणि माझी दोन वर्षं मिळाली होती.

'तुमच्याकडे' म्हणजे कुणाकडे ते सांगायला हवं. माझे वडील अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कापसाच्या गाठी बांधायचे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि आमच्या वस्तीतून रसायनशास्त्र घेतलेली एकटीच. सरांनी मला घेतलं हे त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही. कुणी पाहुणा आला की त्याला काचेची भांडी दाखवून झाल्यावर ते माझ्याकडे हात करून म्हणत, "आम्ही यांनाही घेतो." पाहुणा मान डोलवायचा. मी बर्नर बारीक करून पुढच्या कामाला लागायची.

विभागाची कामाची पद्धत अशी. दिवाळी झाली की कॉलेजची जीप चिखलदऱ्याला जायची. सर विश्रामगृहाच्या व्हरांड्यात कॉफी पीत बसायचे आणि संध्याकाळी जीपमधूनच काठीने एखादं झुडूप दाखवायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी तिथे प्रत्यक्ष पाहिलं. खणायचं शिपायाने आणि विद्यार्थ्यांनी. मुळं पोत्यात भरून यायची, कॉलेजच्या गच्चीवर वाळायची, मग ती कुटायला बाहेर जायची, कारण आमच्याकडे कुटायचं यंत्र नव्हतं. पिठाच्या गिरणीवाल्याने पहिल्याच वर्षी हात जोडले होते. "तुमचं जंगलातलं विष माह्या गिरणीत दयून गिऱ्हाईक मारू काय?" असं तो म्हणाल्याचं शिपायाने सांगितलं. म्हणून पोती राजापेठेकडच्या एका मिरची कांडपवाल्या बाईकडे जायची. तिथून भुकटी आली की ती पेट्रोलियम ईथरमध्ये उकळायची, ईथर उडवून टाकायचा आणि खाली काय राहतं ते पाहायचं. खाली नेहमी तेलकट लगदा राही. त्यातलं तेल कॉस्टिकने साबण करून काढून टाकलं की स्फटिक पडत.

सर प्रत्येक निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात लिहीत: या मुळात स्थिर तेलाचे प्रमाण भरपूर आहे. ते मूळ गच्चीवर मी स्वतः हाताने उलथंपालथं करत असे. जळणाच्या काटकीइतकं कोरडं. मला नवल वाटायचं, पण सरांना प्रश्न विचारणं हा विभागात उद्धटपणा समजला जाई, आणि माझ्या बाबतीत तर तो कृतघ्नपणा समजला गेला असता.

तर कडू द्रव्य. सरांच्या डोक्यात तीन कप्पे होते. नायट्रोजन सापडला तर अल्कलॉइड, साखर सापडली तर ग्लायकोसाइड, आणि दोन्ही नाही तर कडू द्रव्य. तिसऱ्या कप्प्यात काय वाट्टेल ते जाई. त्यात टाकलेला पदार्थ कुठल्या कुळातला, त्याचे भाऊबंद कोण, हे बघायची त्यांना गरज वाटत नसे. मला वाटायची. मला त्याच्याशिवाय झोप येत नसे म्हटलं तरी चालेल. जगातल्या प्रत्येक पदार्थाला कूळ आहे आणि ते कूळ जन्मावरून नाही, त्याच्या अंगच्या गुणांवरून ठरवायचं, हे मला त्या शास्त्रात फार आवडलं होतं. कारण उघड आहे.

मी एकेक कसोटी लावत गेले. सोडियमबरोबर तापवून पाहिलं, नायट्रोजन नाही. साखरेची कसोटी, काही नाही. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला. रंग नाही, म्हणजे फिनॉलही नाही. मग गॅलिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्ल घालून गरम केलं आणि नळीत हळूहळू हिरवा रंग चढला. पाचूसारखा म्हणत नाही, पाचू मी कधी पाहिला नव्हता, कोवळ्या मेथीसारखा. त्या रंगाचा अर्थ असा की रेणूच्या कड्यावर दोन ऑक्सिजन आहेत आणि त्यांच्यामध्ये एक कार्बन आकड्यासारखा अडकवलेला आहे. पुढे बाहेरगावी पाठवलेल्या नमुन्याचं पृथक्करण आलं. कार्बन वीस, हायड्रोजन अठरा, ऑक्सिजन सहा.

ग्रंथालयात परदेशी मासिकांचे बांधलेले खंड होते. त्यांची पानं कुणी कापलेलीसुद्धा नव्हती. मी पट्टीने पानं कापत वाचत गेले आणि मला ते कूळ सापडलं. झाडाला लाकूड करायला जी वीट लागते ती म्हणजे सहा कार्बनचं एक कडं आणि त्याला तीन कार्बनची शेपटी. अशा असंख्य विटा रचल्या की लाकडातलं लिग्निन होतं. पण कधीकधी झाड फक्त दोनच विटा घेतं आणि त्यांच्या शेपट्या मधोमध एकमेकींना बांधून टाकतं. असे दोन तुकड्यांचे जे पदार्थ, त्यांना लिग्नान म्हणतात. नऊ आणि नऊ अठरा कार्बन, आणि दोन्ही कड्यांवर अडकवलेला एकेक मिळून वीस. माझा हिशेब जुळला. मी टिपण केलं: हे कडू द्रव्य नव्हे, हे लिग्नान वर्गातलं असून तिळात सापडणाऱ्या लिग्नानाशी त्याचं जवळचं नातं दिसतं.

सरांना तो शब्द फार आवडला. त्यांनी तो दिवसभर वापरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या द्रव्याला आपल्या सासऱ्यांच्या नावावरून एक नाव ठेवलं. सासरे संस्थेच्या कार्यकारिणीवर होते, एवढंच त्यांचं लिग्नानांशी नातं. निबंधाचा मसुदा तयार झाला. लेखक म्हणून सरांचं एकट्याचं नाव, आणि शेवटी आभार मानताना 'एका विद्यार्थिनीने काही किरकोळ प्रयोगांत साहाय्य केले' असं वाक्य. मला राग आला, पण तो सगळ्याच विभागांतला रिवाज होता.

'जवळचं नातं' हे माझेच शब्द, पण मला ते टोचायला लागले. नातं जवळचं म्हणजे किती जवळचं? सख्खं की चुलत? ते ठरवायला मला तिळातलं मूळ द्रव्य हवं होतं. मी बाजारातून घाण्याचं तिळाचं तेल आणलं, साबण करून काढून टाकलं आणि उरल्यातून स्फटिक पाडले. पांढरे, सुईसारखे. मग तिळाचे आणि मुळाचे स्फटिक एकत्र खलून बारीक नळीत भरले आणि तापवले. दोन वेगळे पदार्थ मिसळले तर मिश्रण लवकर वितळतं. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. माझं मिश्रण एका अंशानेही लवकर वितळलं नाही. नातं चुलतही नव्हतं आणि सख्खंही नव्हतं. दोन्ही एकच होतं.

मी सरांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण तो सासऱ्यांसाठी. नाव रद्द करावं लागणार होतं. मग ते सावरले. "म्हणजे तिळातलं द्रव्य मेळघाटातल्या मुळातही आहे. हेही नवीनच." आणि मसुदा पुन्हा टंकायला गेला.

त्या उन्हाळ्यात मी अकोल्याला घरी गेले होते. आमच्या अंगणात वर्षाची मिरची कांडायचं काम चाललं होतं. आई उखळापाशी बसली होती, पदर नाकाला बांधलेला, आणि शेजारी वाटीत तेल. दर घाण्याला ती बोटं तेलात बुडवून मिरचीला चोळत होती. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. तेलाचा हात लावला नाही तर तिखट उडतं, घरभर ठसका लागतो. वऱ्हाडात कुणाच्याही अंगणात जा, हेच दिसेल. मी पाहतच उभी राहिले. आई म्हणाली, "काहून उभी हायेस? ये, चाळून दे."

मी चाळून दिलं नाही. दुपारच्या गाडीने अमरावतीला परत गेले आणि तशीच राजापेठेत त्या कांडपवाल्या बाईकडे गेले. आमच्या मुळांची पोती कशी कांडता, एवढंच विचारलं. तिला प्रश्नच समजला नाही. "कशी म्हंजे? मिरची कांडतो तशी." मग तेल लावता का, म्हटलं. ती माझ्याकडे खुळ्या पोरीकडे बघावं तशी बघायला लागली. "नाही लावलं त डोये जातीन ना आमचे. तुमच्या मुयाचा भुगा मिरचीच्या वर उडते, बाई. तियाचं तेल लावतो, चांगलं." चांगलं तेल वापरल्याबद्दल तिला शाबासकी हवी होती. मी तिला म्हणाले, यापुढे कॉलेजच्या पोत्याला तेल लावू नका. तिने नाक मुरडलं आणि बरं म्हणाली.

तिला मी दोष देत नाही. ती मिरची कांडणारी बाई. तिने आपलं काम तिच्या रीतीने केलं. पण विज्ञानाचे जे पंडित वर्षानुवर्षं मुळांमागून मुळं तिच्याकडे पाठवत होते, ज्यांच्या घरी दर उन्हाळ्यात बायका तेलाच्या वाट्या घेऊन बसत होत्या, त्यांच्यातल्या एकालाही आपल्या मुळात तेल आलं कुठून हे कधी विचारावंसं वाटलं नाही. कपाटात आधीच्या विद्यार्थ्यांचे जुने नमुने होते. वेगवेगळ्या झाडांची वेगवेगळी कडू द्रव्यं, बाटल्यांवर सुबक चिठ्ठ्या. मी ते वितळवून पाहिले. बरेचसे तिळातल्या द्रव्याइतक्याच तापमानाला वितळले. सरांनी सगळा मेळघाट पालथा घालून पुन्हा पुन्हा तिळाचाच शोध लावला होता.

खात्री करायला फार अक्कल लागत नव्हती. सरकारने वनस्पती तुपात तिळाचं तेल घालायची सक्ती केली होती ती एवढ्याचसाठी, की चांगल्या तुपात वनस्पती मिसळलं तर पकडता यावं. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, चिमूटभर साखर, वितळलेलं तूप, आणि हलवा. तिळाचा अंश असेल तर आम्ल लाल होतं. आमच्या विभागात रसायनशास्त्राचा खरा उपयोग तेवढाच होत असे; प्राध्यापकांच्या घरची तुपं येत आणि मी ती तपासून देई. तीच कसोटी मी सरांच्या मुळातल्या 'भरपूर स्थिर तेला'ला लावली. नळी डाळिंबासारखी लाल झाली. मग मी थोडी मुळं खोलीवर नेऊन स्वतः कुटली, बिनतेलाची. दिवसभर शिंकत होते. त्यातून तेलही निघालं नाही आणि स्फटिकही पडले नाहीत.

हे सगळं मी सरांच्या टेबलावर मांडलं. लाल नळीसुद्धा. त्यांनी नळी उचलून उजेडात धरली. मला वाटलं, आता ते चिडतील, किंवा हसतील. दोन्ही चाललं असतं. ते म्हणाले, "कुणाला सांगितलंत?"

मी म्हणाले, "कुणाला नाही."

"मग प्रबंधात तुम्ही फक्त वर्गीकरणाचं लिहा. ते लिग्नान आहे हे तर खरं ना?"

ते खरं होतं. मी वर्गीकरणाचं लिहिलं. पण प्रयोगाच्या प्रकरणात मी स्वच्छ शब्दांत हेही लिहिलं, की मूळ कुटताना त्याला तिळाचं तेल लावलं होतं आणि न लावता कुटलेल्या मुळात हे द्रव्य सापडत नाही. माझं असं, की ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. सरांनी सही केली. बाहेरच्या दोन परीक्षकांनी तोंडी परीक्षेत मला चिखलदऱ्याच्या हवेबद्दल विचारलं आणि पास केलं. ते वाक्य दोघांपैकी एकानेही वाचलं नव्हतं.

त्यानंतर हिवाळ्यात संस्थेने माझा सत्कार ठेवला. कशाबद्दल, ते मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं एम.एस्सी. झाल्याबद्दल. वडील अकोल्याहून आले. नवा सदरा शिवला होता. त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं, आणि आयुष्यात त्यांना कुणी पुढच्या रांगेत बसवल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. संस्थेच्या चिटणिसांनी नारळ, साडी आणि एका मासिकाचा छापील निबंध माझ्या हातात दिला. मेळघाटातल्या त्या मुळात तिळाचं लिग्नान सापडल्याचा निबंध. पहिलं वाक्य तेच: या मुळात स्थिर तेलाचे प्रमाण भरपूर आहे. लेखक म्हणून एकच नाव होतं. माझं.

सर भाषणाला उठले. "अशा समाजातल्या मुलीला पुढे आणायचं तर मोठेपणा बाजूला ठेवावा लागतो," ते म्हणाले. "मी माझं नाव काढून घेतलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. वडिलांच्याही. मी साडी आणि नारळ सांभाळत उभी होते आणि मला कळत होतं, की या माणसाने चोरीचा माल माझ्या घरात आणून ठेवला आहे आणि वर सगळ्या गावाला माझं घर दाखवतो आहे. उद्या कुणी शहाण्याने ते मूळ बिनतेलाचं कुटून पाहिलं, तर कुणी म्हणणार नव्हतं की सरांचं चुकलं. म्हणणार होते, यांना कुठलं जमायला.

रात्रीच्या गाडीत मी वडिलांना सांगितलं. त्यांना स्फटिक, लिग्नान यातलं काही कळलं नाही, पण तेलाचं कळलं. त्यांनी खिडकीची फळी खाली ओढली. मग म्हणाले, "आता गप राय. इतक्या पिढ्यांनं आपलं नाव कुठंसं छापून आलं. ते तू खोडतं काय?"

"खोटं आहे ते, बाबा."

"त्यायचं सगयंच खोटं हाय. आपल्यालेच काहून खऱ्याची हौस?"

त्या निबंधाची घडी त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली. पुढे कारखान्यात ते ती लोकांना दाखवत असत हे मला आईकडून कळलं. मला त्यांचा राग आला नाही. राग यायला जागा दुसरीकडे होती. मी मासिकाच्या संपादकांना लिहिलं, की या निबंधातला निष्कर्ष चूक आहे आणि तो मी पाठवलेला नाही. उत्तर आलं की खुलासा विभागप्रमुखांच्या सहीने यावा. विद्वानांची ही एक जमात असते; घर जळत असलं तरी पाण्याची मागणी योग्य मार्गाने यावी असं तिला वाटतं.

पुढच्या जूनमध्ये अकोल्याच्या एका नव्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या व्याख्यात्याची जागा निघाली. जागा एकच. मला ती हवी होती, आणि हवी होती हे सांगायला मला लाज वाटत नाही. ती मिळाली तर मी शास्त्रात राहणार होते. नाही मिळाली तर कुठल्यातरी शाळेत मुलींना भरतकाम आणि सामान्य विज्ञान शिकवणार होते. वडील त्या दिवशी कामावर न जाता कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे होते.

आत निवड समितीचे अध्यक्ष म्हणून एक वकील होते, संस्थेचे दोघं होते आणि तज्ज्ञ म्हणून आमचे सर होते. वकीलसाहेबांनी माझा छापील निबंध समोर ठेवला होता. ते प्रेमाने म्हणाले, "मेळघाटाच्या मुळात तुम्ही हे जे शोधलं, ते आम्हा अडाण्यांना समजावून सांगा बरं."

मला गप्प राहता आलं असतं. नुसतं गप्पही नाही, लिग्नानाचं वर्गीकरण सांगून बाहेर पडता आलं असतं, आणि त्यात एक अक्षरही खोटं नसतं. मी दोन विटा आणि त्यांच्या शेपट्या सांगितल्या. वकीलसाहेब खूश झाले. मग मी म्हणाले, "पण हे द्रव्य त्या मुळात नाही. मूळ कांडताना बाईने तिळाचं तेल लावलं होतं. ते त्या तेलातलं आहे. निबंध चूक आहे."

वकीलसाहेबांनी सरांकडे पाहिलं. "म्हणजे संशोधन चुकलं म्हणायचं का हो?"

सर अजिबात गडबडले नाहीत. त्यांनी निबंध उचलला, पहिलं पान पाहिलं, आणि खाली ठेवला. "बाई म्हणतात तर चुकलं असेल," ते शांतपणे म्हणाले. "निबंध त्यांचा आहे. माझं नाव नाही त्याच्यावर. आपण संधी देतो. शेवटी ज्याची त्याची कुवत."

वकीलसाहेबांनी मान हलवली. त्यांना माझ्याबद्दल खरोखर वाईट वाटलं होतं, आणि ते पाहून मला जितकी किळस आली तितकी सरांच्या वाक्याने आली नाही. प्रबंधात ते वाक्य आहे, त्यावर यांचीच सही आहे, असं मी म्हणाले. सर म्हणाले, "प्रबंध आता इथे कुणाजवळ आहे?" मी पिशवीतून काढून दिला. वकीलसाहेबांनी तो हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि न उघडता परत दिला. "ठीक आहे. कळवू आम्ही."

मी बाहेर आले. बाकावर पुढचा उमेदवार बसला होता. सरांचाच नवा विद्यार्थी, माझ्यानंतर माझ्याच टेबलावर बसलेला. एका शेतकरी घरातला सालस दिसणारा मुलगा, अंगात उसना कोट. त्याच्याही मांडीवर निबंध होता: दुसऱ्या एका झुडपाचं मूळ, तेच लिग्नान. मला त्याची दया आली. आत त्याचं माझ्यासारखं होऊ नये असं मनापासून वाटलं. मी त्याच्याजवळ बसून हळूच सांगितलं, की तुझे स्फटिक मुळातले नाहीत; कांडताना तेल लावतात, त्यातले आहेत; तू स्वतः बिनतेलाचं कुटून बघ.

तो दाराकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "मले मालूम हाय, ताई."

"मालूम आहे?"

"तुमी त्या बाईले तेल लावू नोका म्हणून सांगून ठेवलं. माह्यी पह्यली पोती तिनं कोरडी कांडली. काईच निंगालं नाही. पुरा हिवाया वाया गेला. सर म्हणे, तुह्या हाताले यश नाही." त्याने कोटाची बाही खाली ओढली. "मंग तेव्हापासून तेल मीच नेऊन देतो."

त्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण नव्हतं. मस्तीही नव्हती. बी पेरायच्या आधी बैल जुंपावा लागतो, तेवढ्याच सहजपणे तो बोलला होता.

"आणि सरांना माहीत आहे?" मी विचारलं.

"त्यायनंच त सांगतलं, कोन्त्या दुकानातून घेवाचं ते."

तेवढ्यात दार उघडलं. सर स्वतः उठून दारापर्यंत आले होते. त्यांनी त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारली, पहिल्या नावाने, घरच्या माणसाला मारावी तशी. तो उठला आणि आत गेला. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण मला त्यांनी 'बाई'शिवाय दुसरी हाक मारली नाही. माझं नाव त्यांच्या हातून एकदाच लिहिलं गेलं, त्या निबंधावर, आणि ते अजून तिथे आहे.